गणपतीत कामावर याल का?

बी.कॉम. झाल्यावर पुढे काय, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून मी एम.बी.ए.ला गेले. रत्नागिरीतच सोय झाली होती, घरचं जेवण सुटणार नव्हतं, आणि लग्नाचा विषय दोन वर्षं पुढे ढकलला जाणार होता. विषय निवडायची वेळ आली तेव्हा फायनान्समध्ये आकडे दिसले, मार्केटिंगमध्ये वणवण दिसली, आणि मी मनुष्यबळ व्यवस्थापन घेतलं. माणसांतलं आपल्याला कळतं, असा माझा तेव्हा ठाम समज होता.

आमचे सर पहिल्याच तासाला म्हणाले, "भरती म्हणजे माणसं बोलावणं आणि निवड म्हणजे त्यातली बहुतेक परत पाठवणं." वर्ग हसला. मीही हसत हसत ते वहीत उतरवून घेतलं.

पण हळूहळू विषय आवडायला लागला. विशेषतः एक पद्धत मला फारच पटली. मुलाखतीत प्रत्येक उमेदवाराला तेच प्रश्न विचारायचे, त्याच क्रमाने, आणि कुठल्या उत्तराला किती गुण हे आधीच कागदावर ठरवून ठेवायचं. समोरचा कोणाचा कोण, याला जागाच ठेवायची नाही. आमच्याकडे नोकऱ्या कशा लागतात ते मी लहानपणापासून बघत आले होते. कोणाचा तरी साडू साहेबांच्या गावचा निघतो, दोन पेट्या हापूस पोचतात आणि गाडी पुढे सरकते. मला त्याची भयंकर चीड होती. त्यामुळे ती गुणांची तक्ता-पद्धत मी एखादं व्रत घ्यावं तशी घेतली. आज आठवलं की माझाच मला राग येतो.

दुसऱ्या वर्षाआधी दोन महिने कुठल्या तरी कंपनीत प्रोजेक्ट करावा लागे. मला लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतली एक केमिकल फॅक्टरी मिळाली. रत्नागिरीहून रोज जाणं-येणं शक्य नव्हतं, पण मामाचं गाव फॅक्टरीपासून वीस मिनिटांवर. मी बॅग उचलली आणि मामाकडे मुक्काम ठोकला.

मामा तेव्हा पंचेचाळिशीचा. वीस वर्षं मुंबईकडे केमिकल प्लांटवर ऑपरेटर होता. ती कंपनी बंद पडली आणि तो गावी परत आला. मामीने तोवर शेत, दोन गुरं आणि मुलगी असं सगळं एकटीने ओढलं होतं. मुलगी सातवीत होती आणि बाप रोज घरी दिसतो याची तिला अजून नवलाई होती. संध्याकाळी तो दारात बसलेला असला की ती दप्तर न टाकताच त्याच्याशी बोलायला लागायची. माझ्या फॅक्टरीतच सहा ऑपरेटर घ्यायचे होते आणि मामाने अर्ज केला होता. कंपनीची बस गावच्या फाट्यावर थांबायची. ही नोकरी लागली असती तर पाळी संपवून तो रोज घरी आला असता. नाही लागली तर पुन्हा मुंबई. मामी मला भाकरी वाढताना एवढंच म्हणायची, "बघूया आता, देवाच्या मनात काय हाय."

मी फॅक्टरीत काय करते हे मामाने एकदाच विचारलं. "काय गो, काय विचारतात मुलाखतीत?"

"मामा, ते सांगता येत नाही. गोपनीय असतं."

"बरं बाय, नको सांगू," तो म्हणाला, आणि खरंच पुन्हा कधी विचारलं नाही. मी फक्त कागद बघते, असंही मी त्याला सांगून टाकलं होतं.

कागद बघत होते हे खरं होतं. आमचे मॅनेजर कोल्हापूरकडचे, नुकतेच बदलून आलेले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी हजेरीपटांचा गठ्ठा माझ्यासमोर टाकला. "हे बघा जरा. पावसाळ्याच्या शेवटाला इकडं काय साथ येती का? निम्मी माणसं आजारी."

मी तारखा बघितल्या आणि हसू आवरेना. "सर, गणपती आहेत."

"आणि हे मार्चमधलं?"

"शिमगा."

कोकणात गणपतीत घरी न जाणारा माणूस म्हणजे एकतर बोटीवर असतो नाहीतर आयसीयूत, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवसांत प्लांट कसा चालवायचा हाच मग माझ्या प्रोजेक्टचा विषय झाला. मनुष्यबळाचं नियोजन. मी तीन पाळ्यांचे तक्ते केले, रंगीत आलेख काढले. आणि उपाय म्हणून, मोठा शोध लावल्याच्या थाटात, निवडीच्या मुलाखतीत एक प्रश्न घातला. गणपतीत कामावर याल का? 'येईन' म्हटलं तर दहा गुण, 'बघू' म्हटलं तर पाच, 'नाही' म्हटलं तर शून्य.

मॅनेजर एकदम खूश झाले. "हे आम्हाला सुचलं नसतं," म्हणाले, आणि मुलाखतीला गुण मांडायला मला शेजारी बसायला सांगितलं.

आता इथे माझी खरी चूक. नातेवाईक उमेदवार असेल तर तसं सांगायचं आणि त्या मुलाखतीपुरतं बाहेर जायचं, हे मी परीक्षेत लिहिलं होतं, मुद्देसूद, अधोरेखित करून. मामाचं नाव यादीत होतं. आमची आडनावं वेगळी, त्यामुळे कोणाला काही कळायचं कारण नव्हतं. मी बोलले असते तर मॅनेजरांनी कदाचित मला पूर्ण दिवसच उठवलं असतं आणि प्रोजेक्टमधला सगळ्यात महत्त्वाचा भाग हातचा गेला असता. शिवाय मला वाटलं, मी काही त्याला झुकतं माप देणार नाहीये, मग सांगायचं कशाला? तक्ता आहे ना. मी गप्प बसले.

मुलाखतीच्या आधी प्लांटवर प्रात्यक्षिक झालं. त्यात मामा पहिला आला. एका पंपाजवळ तो नुसता उभा राहिला, कान दिला आणि म्हणाला, बेअरिंग जातंय याचं. फोरमनने उघडून बघितलं तर खरंच जात होतं. मॅनेजर माझ्याकडे वळून म्हणाले, "असली माणसं पाहिजेत." मला अभिमान वाटला, पण चेहरा मी कोरा ठेवला.

मुलाखतीला अठरा जण होते. मामाचा नंबर बराच खाली होता. त्याच्या आधी आलेल्या प्रत्येकाने गणपतीच्या प्रश्नाला 'येईन' म्हटलं. काहींनी तर प्रश्न पुरा होऊ दिला नाही. एक जण म्हणाला, "साहेब, कामापेक्षा देव मोठा नाय." त्याचं आडनाव ज्या गावचं, त्या गावात गणपतीत पाच दिवस चूलसुद्धा भजनाच्या तालावर पेटते. मला ते ठाऊक होतं. मी दहा गुण मांडले. तक्त्यात तसंच लिहिलं होतं.

मामा आत आला आणि मला बघून दारातच जरासा थांबला. मग खुर्चीवर बसला, हात मांडीवर ठेवले. पहिल्या चार प्रश्नांना त्याने नीट उत्तरं दिली. मॅनेजरांनी पाचवा प्रश्न मला विचारायला सांगितला, कारण तो माझाच होता. जन्मात पहिल्यांदा मी मामाला अहो-जाहो केलं.

"गणपतीत कामावर याल का तुम्ही?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "नाही मॅडम. घरी गणपती असतो. पाच दिवस मी येणार नाही, ते आधीच सांगतो. बाकी वर्षभर एक खाडा करणार नाही."

मी शून्य लिहिलं. हात अडखळला नाही, हे मला स्पष्ट आठवतं, आणि तेच सगळ्यात जास्त टोचतं. सगळ्यांचे गुण जमवले तेव्हा मामा सातवा आला. सहा जागा होत्या. मॅनेजरसुद्धा हळहळले. "तो पंपवाला चांगला होता. पण पद्धत म्हणजे पद्धत." मी मान डोलावली. त्या क्षणीही तोंड उघडता आलं असतं. या अठरांतला खरं बोलणारा तो एकटा आहे, असं कोकणातली मुलगी म्हणून मी सांगू शकत होते. मला तेव्हा वाटलं, सांगितलं तर तो वशिला होईल.

घरी मामाने निकाल शांतपणे ऐकला. मामी आत गेली. मुलीने विचारलं, "म्हणजे बाबा परत मुंबईला जाणार?" मामा मलाच समजावत बसला की तू वाईट वाटून घेऊ नको, तुज्या हातात काय होतं. प्रश्नही माझा आणि शून्यही माझं, हे मी त्याला सांगितलं नाही.

त्या वर्षी गणपतीला मी नेहमीसारखी मामाकडे होते. मोदकाची उकड हाताला लागलेली असताना फोन वाजला. मॅनेजर होते. नवीन सहापैकी पाच जण आलेच नव्हते. एकाला ताप, एकाची आजी गेलेली, बाकीच्यांचे फोन बंद. "तुम्ही तर म्हणाला होता की..."

"सर, मीपण गावी आलेय," मी म्हणाले.

त्या पाच दिवसांत देखभालीसाठी प्लांट बंद ठेवला तर कोणालाच खोटं बोलावं लागणार नाही, हे मला त्यानंतर कधीतरी सुचलं. आता मी स्वतःच मनुष्यबळ शिकवते, आणि वर्गात ते सांगते. मुलं लिहून घेतात. मामा दसऱ्यानंतर मुंबईला गेला आणि एका सोसायटीत वॉचमन म्हणून लागला. पंपाचा आवाज ओळखणारा माणूस तिथे गाड्यांचे नंबर वहीत लिहीत बसला. ज्या पाच दिवसांसाठी त्याची घराजवळची नोकरी गेली, तेवढेच पाच दिवस त्याला वर्षाकाठी घर दिसायला लागलं. असं दहा वर्षं चाललं. मुलगी त्याच्या माघारीच दहावी झाली, नर्सिंग शिकली, मागच्या वैशाखात तिचं लग्न झालं. मामा कायमचा घरी आला तो या दिवाळीत, आणि तेव्हा ती सासरी होती.

गेल्या महिन्यात तो डोळे दाखवायला रत्नागिरीला आला. मोतीबिंदू निघाला. दवाखान्यातून आम्ही मिरकरवाडा बंदरावर मासे घ्यायला गेलो. लिलाव कधीच आटपला होता. कोळणीकडचे बांगडे त्याने एकेक करून दाबून बघितले, कल्ले उघडून बघितले, नेहमीसारखा घोळ घातला. कोळीण वैतागली. ती बांगडे कापायला बसली तेव्हा मी एकदम बोलून टाकलं. दहा वर्षं तयारी केली होती, पण शब्द जमले नाहीत.

"मामा, तो गणपतीचा प्रश्न कंपनीचा नव्हता. मी घातलेला. शून्यपण मीच दिलं."

"ठाव हाय मला," तो म्हणाला. "कोल्हापूरच्या साहेबाला असला प्रश्न कसा सुचंल? तेव्हाच वळखलं मी."

"मग 'येईन' का नाही म्हणालास? बाकी सगळे म्हणाले."

"म्हननारच होतो. पयला आत जाऊन आलेला पोरगा बाहेर येऊन सगळं सांगून गेलेला, काय विचारतात ते. बाकावर आमचं ठरलेलं, सगळ्यांनी येईन म्हनायचं. मी पन तयारीत होतो." तो कोळणीच्या सुरीकडे बघत होता. "आत आलो तर तू बसलेली. दरसाल माझ्या घरात आरतीला उभी राहतंस तू. तुज्यासमोर कसं सांगू गो, की गणपतीत मी घरात नसेन?"

कोळणीने पिशवी पुढे केली. ती मामाने घेतली.

"दुसरं कोन असतं ना तिथं," तो हसत म्हणाला, "तर सरळ खोटं बोललो असतो नि लागलो असतो कामाला."

मला हसता आलं नाही.