ओळखीवर पाहिलेली काळविटं

हॉटेलात बिल भरताना आम्हा नाशिककर नोकरदारांना काही वाटत नाही, पण जंगलाच्या फाटकावर पावती फाडायची म्हटलं की आमचा मान दुखावतो. प्रश्न पैशाचा नसतोच. आपली वर ओळख आहे, हे खिडकीतल्या माणसाला कळायला हवं असतं. ही जमात किती हलकी आहे हे मी खात्रीने सांगतो, कारण मी तिच्यातलाच आहे.

गेल्या हिवाळ्यात मेव्हण्याला घेऊन नांदगावच्या बाजूला काळविटं बघायला गेलो. फाटकावर पाटी होती: माणशी शुल्क, गाडीचं वेगळं, वाटाड्या सक्तीचा, वेग वीसच्या आत, हॉर्न नाही, रस्ता सोडायचा नाही. पन्नाशीच्या रोजंदारी चौकीदाराने पावतीपुस्तक उघडलं.

"दाजी, साहेबांना फोन लावा की," मेव्हणा म्हणाला. "आपण काय तिकिटातली माणसं आहोत?"

मी वनखात्यातल्या ओळखीच्या अधिकाऱ्याला फोन लावला आणि मोबाइल चौकीदाराच्या हातात दिला. ऐकता ऐकता तो उठून उभा राहिला. पुस्तक मिटलं. पावती नाही, म्हणून वाटाड्याही नाही.

"साहेब, रस्ता तेवढा सोडू नका," तो म्हणाला. "गवतात पिल्लं दडून बसत्यात. गाडी आली तरी हालत नाय."

"आम्हाला शिकवतोय," मेव्हणा हसला. मीही हसलो.

आत लांबवर एक काळा नर उभा होता. मेव्हण्याला तो मोबाइलमध्ये जवळून हवा होता. "घाला की दाजी, कोण बघतंय!" मी गाडी गवतात घातली. कळप उधळला. पिल्लू चाकाखाली आलं नाही, हे केवळ नशीब. पण मागच्या गाडीतल्या कुणीतरी व्हिडिओ काढला होता.

संध्याकाळी अधिकाऱ्याचा फोन आला. "व्हिडिओ वरपर्यंत गेलाय. गवतात का शिरलात?"

"तुमच्याच माणसाने सांगितलं, तिकडून जवळ दिसतात," मी म्हणालो. एका दमात, अडखळलोसुद्धा नाही.

"मग मिटलं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजातली सुटका मला ऐकू आली.

चौकीदाराला दुसऱ्याच दिवशी काढलं. मला ते पंधरा दिवसांनी कळलं आणि मी अधिकाऱ्याच्या घरी जाऊन खरं सांगितलं.

"अहो, मला ठाऊकच होतं," ते म्हणाले. "इतकी वर्षं तिथे राहिलेला माणूस असं सांगेल का? लेखी द्या, उद्या परत घेतो त्याला. फक्त दंड तुमच्या नावावर येईल आणि तुमच्या ओझरच्या कारखान्यालाही पत्र जाईल."

मी समोरचा चहाचा कप जवळ ओढला.

"जाऊ द्या," तेच म्हणाले. "कांद्याच्या खळ्यावर मिळेल त्याला काम. साखर किती घालू?"

"एकच चमचा," मी म्हणालो. लेखी मी अजून दिलेलं नाही.