दुखतंय ते मला विचारा

तीन वर्षांपूर्वी ह्यांना हार्ट अटॅक आला तेव्हा कुणाला काही सांगावं लागलं नाही. बनशंकरीतल्या आमच्या दुकानात हे छातीवर हात दाबून खाली बसले. समोरचा फुलवाला धावत आला, रिक्षा थांबली, दवाखान्यात स्ट्रेचर तयारच होतं. दहा मिनिटांत ईसीजी निघाला. तो बिघडलेलाच होता, तरी रक्तही दोनदा तपासलं. मी शेजारी उभी राहून सगळं बघत होते.

माझ्यावर वेळ आली तेव्हा छातीत काहीच दुखलं नाही.

आधी पंधरा दिवस नुसता थकवा. गच्चीवर कपडे वाळत घालायला जाताना मधल्या पायरीवर टेकावं लागायचं. मग डावा जबडा ठणकायला लागला. दातांच्या डॉक्टरांनी एक दाढ किडलेली शोधली आणि भरूनही टाकली. जबडा दुखायचा थांबला नाही. मी बावन्न वर्षांची. जी ती म्हणाली, "या वयात होतंच."

एका सकाळी इडल्यांचं पातेलं गॅसवर ठेवलं आणि दोन्ही खांद्यांच्या मध्ये, पाठीत, कुणीतरी मूठ रोवल्यासारखं झालं. मळमळायला लागलं. पदर घामानं भिजला. हे म्हणाले, "काल बिसीबेळे भात दोनदा घेतलास. गॅस झालाय. सोडा घे स्वल्प."

"गॅस असेल तर डॉक्टर तसं सांगतील," मी म्हटलं. "चप्पल घाला."

अपघात विभागातल्या तरुण डॉक्टरनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि ह्यांना विचारलं, "यांना कसलं टेन्शन आहे का? झोप लागते? पाळी बंद झालीय?"

हे सांगायला लागले, "हो, जरा चिडचिड..."

"दुखतंय मला," मी म्हटलं. "मला विचारा."

डॉक्टर माझ्याकडे वळले. मग मी जबड्यापासून पाठीपर्यंत सगळं सांगितलं. ईसीजी काढला. तो ठीक निघाला. डॉक्टर गॅसची गोळी लिहायला लागले. "ईसीजी नॉर्मल आहे, अम्मा. घरी जाऊन आराम करा."

"ह्यांच्या छातीत दुखलं तेव्हा रक्त दोनदा तपासलं होतं तुम्ही. याच दवाखान्यात. माझं एकदाही नाही?"

"त्यांची केस वेगळी होती. त्यांच्या छातीत दुखत होतं."

"म्हणजे माझं हृदय चुकीच्या जागी दुखतंय?"

हे माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "अगं, लोक बघतायत. चल." मी खाटेची दांडी घट्ट धरली. भीती वाटत होती आणि लाजही. पण लाजेपायी मरायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं. "रक्त घेतल्याशिवाय मी इथून उठत नाही. उचलून न्या हवं तर."

एक वयस्क नर्स मघापासून ऐकत होती. ती डॉक्टरांना एवढंच म्हणाली, "घेऊन बघू की, सर." आणि माझी बाही वर करून मला म्हणाली, "सरी, अक्का, बरं. पडून राहा."

हृदयाला इजा झाली की रक्तात चढणारा आकडा पहिल्या रिपोर्टात काठावर होता. तीन तासांनी पुन्हा रक्त घेतलं, तेव्हा आकडा बराच चढला होता. मग मात्र सगळेच धावायला लागले. दुपारी अँजिओग्राफी झाली. एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद होती. त्याच टेबलावर स्टेंट बसवला.

दुसऱ्या दिवशी तो डॉक्टर खाटेशी आला. त्याला यायची गरज नव्हती, तरी आला, हे मी मान्य करते. "सॉरी, मॅडम," म्हणाला.

"मला सॉरी नको," मी म्हटलं. "पुढची बाई येईल तेव्हा तिच्या नवऱ्याला विचारू नका. तिला विचारा."

घरी आल्यावर ह्यांनी दोन दिवस माझ्या नजरेला नजर दिली नाही. तिसऱ्या दिवशी पोळी करपवून ठेवली पुढ्यात आणि म्हणाले, "मी तुला ओढून घरी नेत होतो." मी म्हटलं, "हो, नेत होतात." समजूत काढावी असं मनात आलं नाही. करपलेली पोळी मात्र खाल्ली.

दवाखान्यात हृदयाच्या पेशंटांसाठी व्यायामाचा वर्ग असतो. मी नाव घातलं म्हटल्यावर के. आर. पुरमहून नणंदेचा फोन आला. "वहिनी, बायकांना कशाला तो वर्ग? घरातलं काम हाच व्यायाम."

"मग तुझ्या दादाला तीन महिने त्या वर्गाला का पाठवलं? भांडी घासायला लावायची होती."

ती म्हणाली, "तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही," आणि फोन ठेवला.

वर्गात नऊ पुरुष आणि मी. पहिल्या दिवशी दारातला माणूस म्हणाला, "पेशंटबरोबर आलेल्यांनी बाहेर बसायचं, अम्मा." बाहेरच्या त्या बाकावर मी तीन महिने बसले होते, ह्यांचा टॉवेल मांडीवर घेऊन. त्या दिवशीही तिथे चार बायका बसल्या होत्या. "पेशंट मीच आहे," मी म्हटलं. ह्यांच्या हातात पिशवी दिली, बाकाकडे बोट दाखवलं आणि साडी खोचून आत गेले. दुसऱ्या आठवड्यापासून सलवार आणि बूट घातले.

एकदा वर्ग सुटल्यावर बाकावर टेकून मी त्या चौघींना माझं सगळं सांगितलं होतं. महिन्याभरानं त्यांतल्या एकीनं मला जिन्यात थांबवलं. मारतहळ्ळीहून यायची. तिला चढताना धाप लागत होती. "जबड्याचं म्हणालात ना त्या दिवशी," ती हळूच म्हणाली, "तसं मलाही होतं."

तिचा नवरा मागून म्हणाला, "काही नाही हो, ती नेहमीच दमते."

"नेहमीच दमते, तर इतके दिवस दाखवलं का नाही?"

मी तिचा हात धरला. वर्ग सुरू झाला होता, शिक्षक मला हाका मारत होते. मी त्यांना सांगितलं, येते, आणि तिला घेऊन खाली खिडकीवर केसपेपर काढायला गेले. खिडकीतल्या माणसानं विचारलं, "पेशंटचं नाव?" नवरा सांगायला पुढे झाला, पण त्याच्या आधी तिनंच सांगितलं.