बाबांची जेवणाची ठिकाणं

आई गेली आणि बाबांनी जेवण सोडलं. रुसून नाही, हट्टानेही नाही. ताट पुढे आलं की चार शितं चिवडायची, पाणी प्यायचं आणि "झालं" म्हणायचं. गावात एकटं कसं ठेवायचं म्हणून मी त्यांना मस्कतला, रुवीतल्या आमच्या फ्लॅटवर आणलं, तर इथेही तेच. शेवटी डॉक्टरांनी हात टेकले. आठवडाभरात स्वतःहून जेवले नाहीत तर नाकातून नळी घालावी लागेल, म्हणाले. लिफ्टमध्ये बाबा मला म्हणाले, "नळी नको हां. त्यापेक्षा मला तसाच जाऊ दे."

मी मुळात तापट. त्या दिवसांत मी बाबांवर ओरडले, नवऱ्यावर ओरडले, कुकरवरसुद्धा ओरडले. मऊ भात झाला, कुळथाची पिठी झाली, सोलकढी झाली. सगळं माझ्या डोळ्यांदेखत थंड व्हायचं. मग मला ती हॉटेलं आठवली.

बाबांनी उमेदीची वर्षं ओमानमध्येच काढली. पंप फिटर होते. रुस्ताकपासून खाली सलालाहपर्यंत पंप बसवत हिंडायचे. आम्ही आईबरोबर गावाला. आम्हाला वाढताना आई त्यांच्या हॉटेलांच्या गोष्टी सांगायची. निझवाच्या पुढे पदर सुटलेला पराठा मिळतो, आदमला तळलेली कोंबडी, हायमाच्या अलीकडे अंडाकरी. समोर पेज आणि सुकट असायची, पण आम्ही जेवायचो त्या वाळवंटात.

नवरा म्हणाला, "वेडी आहेस का? जेवत नाही त्या माणसाला हॉटेलं दाखवायला नेतेस?" मी ऐकलं नाही. शुक्रवारी सकाळी बाबांना गाडीत बसवलं, कमरेला उशी लावली आणि निघाले.

या हॉटेलांना इथे कॉफी शॉप म्हणतात. कॉफी सहसा कुणी पीत नाही, सगळे कडक चहा पितात, तोही गाडीतच. दारात गाडी उभी करून हॉर्न द्यायचा, आतला माणूस खिडकीशी येतो. निझवाच्या पुढचं हॉटेल अजून होतं. मी हॉर्न दिला, पराठा मागवला. पदर खरंच सुटलेले होते. बाबांनी कागद उघडून बघितला आणि परत मिटला. आदमला तळलेली कोंबडी आली. "वास चांगला आहे," ते म्हणाले. एवढंच. पुढे गाडी चालवताना मला समोरचा रस्ता धूसर दिसत होता. मी सारखे डोळे पुसत होते आणि ते खिडकीबाहेर बघत होते.

हायमाच्या अलीकडच्या हॉटेलात मी हॉर्न दिला नाही. हाताला धरून त्यांना आत नेलं. दुपार टळली होती, गिऱ्हाईक नव्हतं. गल्ल्यावरचा केरळी मालक म्हणाला, "आओ बाबूजी, बैठो." मी पराठा-अंडाकरी मागवली, घास मोडला आणि लहान मुलाला भरवावा तसा त्यांच्या तोंडाशी नेला. त्यांनी मान फिरवली.

"बाबा, तुमच्या आवडीचं आहे ना हे? इथेच जेवायचात ना तुम्ही?"

"नाही गं."

"म्हणजे?"

"मी इथे काय, कुठल्याच हॉटेलात कधी जेवलो नाही. चहा घ्यायचो. भात डब्यात असायचा, तो गाडीत बसून खायचो." त्यांनी दाराजवळच्या मोकळ्या भिंतीकडे बोट केलं. "तिथे फोन होता. म्हणून थांबायचो."

"मग आईला ते सगळं काय सांगायचात?"

"वर पदार्थांचा बोर्ड आहे ना, तो वाचून दाखवायचो. शुक्रवारी माझा फोन आल्याशिवाय ती जेवायला बसत नसे. गाडीत थंड भात खाल्ला म्हणालो असतो, तर तिच्या घशाखाली घास उतरला असता काय?"

मला त्यांचा राग आला, आईचा आला, सगळ्यात जास्त माझा आला. उभ्या आयुष्यात ज्या जेवणाचा त्यांनी घास घेतला नव्हता, ते मी त्यांना भरवत होते. मी तशीच उठले आणि बाहेर गाडीत जाऊन रडले. दोन्ही हात स्टिअरिंगवर आपटले. काचेतून बाबा दिसत होते, समोर भरलेलं ताट आणि हात मांडीवर.

का ते मला सांगता येणार नाही, पण मी त्यांचा मोबाइल लावला. त्यांनी तो खिशातून काढला, कानाला लावला.

"हॅलो?"

आई विचारायची तसंच मी विचारलं, "जेवलात काय?"

त्यांनी मान वर केली आणि बोर्डकडे बघितलं.

"हो, जेवलो ना," ते म्हणाले. कित्येक महिन्यांत त्यांचा आवाज इतका खुशीत ऐकला नव्हता. "पराठा घेतला. अंडाकरी होती. वर चहा. पोट अगदी भरलं बघ."

ताटाला त्यांनी हातही लावला नव्हता. बाबा आता जेवणार नाहीत, हे मला तेव्हा कळलं.

"तू बस आता जेवायला," ते म्हणाले. "उगाच थांबू नको."

"बसते," मी म्हणाले, आणि फोन काही मला ठेवता येईना.