साहेबांचा गुडघा

चार माणसं बसली असतील तिथं पोरीनं चूप राहायचं, हा आमच्या घरचा नियम. काहून, असं विचारायचं नाही, कारण विचारणं म्हणजे बोलणंच झालं. नियम मोठेबाबांचा, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाचा. आणि तो मोडायची सोयही त्यांनीच करून ठेवलेली. चहा घ्या, निवतोय. मुंबईत माझी कशी शोभा झाली ते सांगते.

मोठेबाबा जवानीत कबड्डीचे नामी खेळाडू. पुढं दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ऑपरेशनचं नाव काढलं की अंगावर येतात. पण आमच्या गावच्या, जऊळक्याच्या स्टेशनामागं सामना असला की पहिल्या रांगेत बसायचंच. आता त्यांना दिसणार कसं? मी शेजारी बसून सांगायची. शाळेत होते तेव्हापासून, ते थेट बी.ए. होईपर्यंत. तिथं चार माणसं सोडा, चारशे असायची, पण नियमाची आठवण कोणाला नसायची.

साधंसुधं सांगितलेलं चालत नसे.

"चड्डी कोणत्या रंगाची हाय त्या पोट्ट्याची?"

"लाल."

"मंग तसं सांग ना व. मले काय सपन पडते?"

मग रंग, उंची, मिशी, पाय कुठं, हात कुठं, सगळं सांगायचं. गडी बाद झाला की गोंगाटात कळावं म्हणून मी त्यांच्या गुडघ्यावर थाप मारायची आणि ओरडायची, "समजलं काय, मोठेबाबा?"

बी.ए. झाले आणि पेपरात जाहिरात आली. मुंबईत टीव्ही नुकताच सुरू झाला होता, आणि त्यांना खेळांचं वर्णन करायला माणसं पाहिजे होती. बाईनं अर्ज करू नये असं कुठं लिहिलेलं नव्हतं. मी केला. बोलावणं आलं.

"चार माणसायत बोलू नको म्हनलं," मोठेबाबा कडाडले, "तं हे साऱ्या मुंबईत बोलाले चालली."

माझे बाबा मास्तर. त्यांनी मधला रस्ता काढला. एकदा मुंबईला जाऊन पाहायचं. जमलं नाही तर शिरपूरहून मला सांगून आलेल्या स्थळाला मुकाट्यानं हो म्हणायचं. मी लगेच कबूल झाले. हरायचा विचार होता कोणाच्या मनात?

आता एक गोष्ट ऐका, आणि हसू नका. टीव्ही मी तोवर पाहिलेलाच नव्हता. आमच्याकडं कोणीच पाहिला नव्हता. माझ्या हिशेबानं तो जरा मोठा रेडिओ.

मुंबईला बाबा बाहेर बाकावर बसले, मी आत गेले. थंडगार खोली, समोर काचेची पेटी, शेजारच्या खुर्चीवर पन्नाशीचे साहेब. पेटीत कबड्डी सुरू झाली. साहेब म्हणाले, "हं, बोला."

आणि मी सुटले. "उजव्या कोपऱ्यातून लाल चड्डीतला उंच गडी निघाला. मिशी बारीक. डावा पाय पुढं. मागं बाभळीचं झाड, झाडाखाली दोन बकऱ्या, त्यातली एक बसलेली..."

"लाल कुठं दिसला तुम्हाला?" साहेबांनी हळूच विचारलं.

पेटीत सगळं काळं-पांढरं होतं. पण मोठेबाबांना बिनरंगाची चड्डी चालत नाही, त्यामुळं माझी जीभ आपोआप रंग देऊन मोकळी झाली होती.

"बरं, हिरवी असेल," मी म्हणाले आणि पुढं निघाले.

"अहो बाई, दिसतंय मला."

मला वाटलं, कौतुक चाललंय. इतकं हुबेहूब सांगते की माणसाला दिसायला लागलं. मग काय, मला आणखी चेव चढला. मी दुसरी बकरीपण खाली बसवली.

तेवढ्यात पेटीतल्या गड्याची पकड झाली. आणि माझा हात, मी नाही, माझा हात, साहेबांच्या गुडघ्यावर फाडकन बसला.

"समजलं काय, मोठेबाबा?"

मागचे दोन कॅमेरावाले भिंतीकडं तोंड करून गदगदा हलायला लागले. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"समजलं," ते म्हणाले. "पहिल्याच वाक्यात समजलं होतं."

चष्मा परत चढवून म्हणाले, "तुम्हाला खेळ कळतो. आवाज आहे. पण आमच्या माणसांना डोळे आहेत हो. जे दिसतं ते सांगायचं नसतं. महिन्याभरानं परत या. तोवर गप्प बसायला शिका."

हे मी गाडीत बाबांना सांगितलं, तीच चूक झाली. घरी पोचल्या पोचल्या बाबांनी सगळ्यांसमोर शेवटचं वाक्य तेवढं ऐकवलं. मोठेबाबा बाजेवर ताठ उठून बसले. शेजारचे दोन म्हातारेही आले होते, त्यांच्याकडं वळून म्हणाले, "ऐकलं? मुंबईच्या सायबाले आता समजलं. मी इले लहानपणापासून फुकट शिकवून राह्यलो."

"झालं मंग," बाबा बशीत चहा ओतत म्हणाले. "शिरपूरवाल्यायले रविवारी बोलावतो."

"नका बोलावू," मी म्हणाले.

"काहून?"

"जमलं नाही असं कोण म्हणते? त्यायनं मले परत बोलावलं. मी जाणार. चूप बसाले शिकीन, पण तिथं, पगार घेऊन. इथं फुकट बसणार नाही. आन शिरपूरवाले आले तं त्यायच्या पुढं मी येणार नाही. तुमचा तुमी पाहुणचार करा."

मोठेबाबा मान इकडून तिकडं वळवत राहिले.

"काय झालं व? सारे चूप काहून?"

मी ओठ घट्ट मिटले. साहेबांचा धडा आठवला. जे दिसतं ते सांगायचं नसतं. पण ह्यांना कुठं दिसत होतं?

"बाबायची बशी ओठापाशी थांबली, मोठेबाबा. दोघं म्हातारे आढ्याकडं पाहून राह्यले. आई तोंडाले पदर लावून हासून राह्यली. पदर हिरवा." आणि त्यांच्या गुडघ्यावर थाप मारली. "समजलं काय?"

मोठेबाबा गुडघा चोळत बाजेवर आडवे झाले.

त्या दिवशी आमच्या घरात गप्प बसायला सगळे शिकले. राहिले ती एकटी मी.