अक्कांचा खंड

आमच्या घरमालकीण अक्का भाडेकरूला भाडेकरू कधीच म्हणाल्या नाहीत. त्या म्हणायच्या, कूळ. आता कूळ असतं ते शेतजमिनीला; बसस्टँडमागच्या चार पत्र्याच्या खोल्यांना कुठलं आलंय कूळ! पण ताडकळसच्या शाळेत माझी बदली झाली आणि सामानाचा टेम्पो दारात उभा राहिला, तेव्हा त्यांनी शेजारणीला हाक मारून सांगितलं, "ये गं, नवं कूळ आलंय."

त्याचं कारण झरी गावात होतं. त्यांच्या सासऱ्यांचं तिथलं रान कूळकायद्यात गेलं. अक्का नवरी होऊन आल्या तेव्हापासून घरात तेच रडगाणं. कसायला दिलेली जमीन कसणाऱ्याची होते, तर राहायला दिलेली खोली राहणाऱ्याची व्हायला कितीसा वेळ, असा त्यांचा हिशेब. म्हणून त्यांनी खंड काढला होता.

खंड म्हणजे असं. अकरा महिन्यांचा करार संपला की त्या दिवशी सकाळी चमच्यासकट सगळं सामान अंगणात काढायचं. खोलीला अक्कांचं कुलूप. दिवसभर आम्ही नवराबायको लिंबाखाली खाटेवर, येणारेजाणारे विचारणार, "काय गुरुजी, भांडण झालं का?" जेवण अक्कांकडून, पिठलं-भाकरी. दिवेलागणीला नवा करार, उंबऱ्यावर नारळ आणि किल्ली हातात. पहिल्या वेळी मी चिडलो. त्या म्हणाल्या, "मी काय तुमाला काढायलेय का? तुमी लय चांगले हाव. मी कायद्याला फसवायलेय."

परभणीच्या एका वकिलांना मी मुद्दाम विचारून आलो. अशा खंडाला कायद्यात काडीचा अर्थ नाही, असं त्यांनी सांगितलं. तसं अक्कांना सांगितल्यावर त्यांनी एकच विचारलं, "वकिलाचं रान गेलंय का?"

पण किल्ली दिली की उंबरा कुळाचा, हेही त्यांचंच. खाकरल्याशिवाय त्या दारात यायच्या नाहीत. एकदा आम्ही चुडाव्याला गेलो असताना अवकाळी पाऊस आला आणि आमचा पत्रा उडाला. दुसरी किल्ली अक्कांच्या कमरेला होती. पण ही बाई साठी उलटलेली असताना शिडी लावून वर चढली आणि बाहेरूनच ताडपत्री अंथरली. आत कपाट भिजलं ते भिजलंच. मी म्हणालो, "अक्का, कुलूप उघडायचं न्हाई का?" तर म्हणे, "कूळ घरात नसताना मी कशी येऊ?" इतका मान मला माझ्या सख्ख्या भावानेही दिलेला नाही.

पुढे माझी बदली झाली. अक्कांचा एकुलता मुलगा परभणीत असतो. त्याने सगळी जागा बक्षीसपत्राने आपल्या नावावर करून घेतली. भाडेकरू गेले. अक्का कोपऱ्यातल्या खोलीत राहू लागल्या. वर्ष व्हायच्या आत त्यांचा फोन आला, "गुरुजी, उद्या माझा खंड हाय. पेटी काढू लागाय या."

मी हसलो. गंमत म्हणून गेलो, हेच मला आता सोसत नाही. अक्का खुशीत होत्या. "आता लेक मालक अन् मी कूळ. नियम म्हंजे नियम." पेटी, देव्हारा, पिठाचा डबा, सगळं मी माझ्या हातांनी अंगणात आणलं. मुलगा परभणीहून आला, त्याने नवंकोरं कुलूप लावलं. अक्कांनी त्यालाही पिठलं-भाकरी वाढली. दिवेलागणीला त्या पदराखाली नारळ घेऊन उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. मुलगा म्हणाला, "आई, इथं गाळे बांधायचेत. तुला गाडीनं मावशीच्या पोरीकडं सोडतो."

त्या भांडल्या नाहीत. सामान आपणच काढलं होतं ना!

मी त्यांना वकिलांकडे नेलं. वकिलांनी विचारलं, "सांभाळायची अट घातली होती का बक्षीसपत्रात?" परक्या कुळांना खिळा न ठोकण्याचीही अट घालणाऱ्या अक्का म्हणाल्या, "लेकराला अट कशी घालू?" तरी ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याने अर्ज करून पाहू, असं वकील म्हणाले. "मग त्याला नोटीस जाईल का?" जाईल. "तर मग ऱ्हाऊ द्या." अर्ज टेबलावर तसाच राहिला.

आता त्या झरीला भाचीकडे असतात. ज्या गावात रान गेलं त्याच गावात. मागच्या महिन्यात गेलो होतो. संडासाहून परतल्यावर त्या दारात थांबून खाकरत होत्या. आतून भाची "या की" म्हणाली, मग आत आल्या. पेटी अजून बांधलेलीच. पेटीवर तोच नारळ. आत वाळून त्याचा गोटा झालाय, हातात घेतला की खुळखुळ वाजतो.

निघताना त्यांनी मला अगदी साधं विचारलं, "गुरुजी, तुमी शिकलेले हाव. खंड जास्तीत जास्त किती दिवसांचा असतो वो?"