केळुस्करांच्या गुरूची हाडं

गुरुदत्त केळुस्कर सात वर्षं व्यावसायिक बास्केटबॉल खेळला, असं आमच्याकडे सगळे म्हणतात. त्या सात वर्षांत तो प्रत्यक्ष कोर्टवर उतरला एकूण अठ्ठ्याऐंशी सामन्यांत. उरलेल्या काळात तो सूट घालून, कुबड्या खुर्चीखाली सरकवून, बाकावर बसायचा. पण 'सात वर्षं बसला' असं कोण म्हणेल?

मी १९९८ साली नागपूरहून अमेरिकेतल्या श्रूजबरीत आलो, एका इन्शुरन्स कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायला. केळुस्करांचं घर माझ्या घरासमोर. शैलेंद्र आणि रत्ना त्याआधी वीसएक वर्षांपासून तिथे होते. शैलेंद्र डेटाबेसवाला, उंची पाच फूट सात इंच. रत्ना वुस्टरच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन, उंची त्याहून कमी. आणि त्यांचा एकुलता एक मुलगा सहा फूट अकरा इंच. रत्नाचे आजोबा म्हणे दारातून वाकून येत. तेवढी उंची दोन पिढ्या कुठे दडून बसली होती कोण जाणे, ती थेट मॅसॅच्युसेट्समध्ये उगवली.

त्याच आजोबांचं नाव ठेवायचं म्हणून गुरुदत्त. अमेरिकन मित्रांनी त्याचं केलं 'गुरू'. टीममधल्या पोरांना वाटायचं, ही काहीतरी पदवीच आहे. एकजण तर लग्न करावं की करू नये, हे विचारायला त्याच्याकडे यायचा. गुरू म्हणायचा, "आय डोन्ट नो, मॅन." ते उत्तरही त्या माणसाला फार खोल वाटायचं.

पुण्याच्या आत्याचा गोंधळ वेगळा होता. शैलेंद्र तिला फोनवर सांगायचा, "गुरू आज कोर्टवर आहे." मुलगा वकील झाला, असं तिने बरीच वर्षं धरून ठेवलं होतं. शैलेंद्रनेही ते दुरुस्त करायची घाई केली नाही.

गुरूची जागा सेंटरची. म्हणजे टीममधला सर्वांत उंच माणूस; त्याने बास्केटखाली पाय रोवून उभं राहायचं, धक्के खायचे आणि हुकलेले बॉल, म्हणजे रिबाउंड, वरच्या वर पकडायचे. हे तो उत्तम करायचा. हात मऊ होते, डोकं शांत होतं, आणि समोरचा कुठे वळणार हे त्याला आधी कळायचं. कॉलेज संपल्यावर, २००१च्या शरद ऋतूत, न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडच्या एका गावातल्या टीमने त्याला घेतलं. एनबीएच्या कितीतरी खालची लीग, पण व्यावसायिक.

पहिल्या सामन्याला मीच गाडी चालवली. चार तासांच्या रस्त्यात रत्नाने तीनदा सांगितलं की एक बायॉलॉजीचा कोर्स राहिलाय, तो केला तर अजूनही मेडिकलला जाता येईल. सामना सुरू झाला आणि आम्ही तिघेही ते बायॉलॉजी विसरलो. गुरू चौदा मिनिटं खेळला. नऊ पॉइंट, सहा रिबाउंड. सातव्या रिबाउंडला उडी मारली, बॉल मिळवला, आणि खाली आला तो आपल्याच टीममधल्या माणसाच्या बुटावर.

शिट्टी वाजायच्या आत रत्ना उभी होती. "पाचवं मेटाटार्सल," ती म्हणाली.

"काय?" मी विचारलं.

"पंजाच्या बाहेरच्या कडेचं हाड. बघा तुम्ही."

दोन तासांनी डॉक्टरने तेच सांगितलं, फक्त जास्त वेळ घेऊन. त्या हाडात स्क्रू बसला. गुरू घरी आला, सोफ्याच्या पलीकडे टीपॉय लावून त्यावर पाय ठेवून पडला. रत्नाने एक्स-रेची फिल्म स्वयंपाकघराच्या खिडकीला धरली, मागे मेपलची पानगळ चाललेली, आणि ती बराच वेळ बघत राहिली. मग मला म्हणाली, "हा हॉस्पिटलात जाईल असं मला वाटायचंच, अरुण. कुठल्या दाराने, ते बोलायचं राहिलं."

पुढच्या मोसमात तो परत उभा राहिला. डाव्या पायातला स्क्रू छान बसला होता, काही त्रास नव्हता. जानेवारी २००३मध्ये टीमच्या बसमधून उतरताना बर्फावरून घसरला आणि उजव्या पायाचं तेच हाड मोडलं. कोच म्हणे सगळ्यांना विचारत होता, "बसमधून? बस थांबलेली होती ना?"

सर्जनने आम्हाला समजावून सांगितलं. गुरूच्या पंजाची कमान फार उंच होती. सगळं वजन बाहेरच्या कडेवर जायचं, आणि वजन होतं दोनशे पासष्ट पौंड. "ही हाडं चांगली आहेत," सर्जन म्हणाला, "पण सहा फुटी माणसासाठी." त्याच्या मते गुरूने बसून करायचं काम बघावं. ते तर तो करतच होता.

मला एकदा त्याला फिजिओथेरपीला न्यायचं होतं. माझ्या मिनीव्हॅनची मधली सीट काढून टाकली की तो मावायचा. वाटेत मी विचारलं, "कंटाळा नाही येत रे?"

"येतो ना, काका. पण दुसरं काय करू? मला दुसरं काही इतकं चांगलं येत नाही."

"पण हेही कुठे करायला मिळतंय?"

तो हसला. "दॅट्स द प्रॉब्लेम."

टीमने त्याला सोडलं. मग दुसरी टीम मिळाली, इडाहोत. खालच्या लीगमध्ये जवळजवळ सात फुटी माणूस सहज मिळत नाही. मोडका मिळाला तरी ठेवून घेतात. आणि तिथे एक नवल घडलं. २००४च्या नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत गुरूला काहीही झालं नाही. सलग चोवीस सामने. शैलेंद्र रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी कॉम्प्युटरवर निकाल बघायचा आणि रस्त्यापलीकडून मला अंगठा दाखवायचा. सामना जिंकला की हरला, त्याच्याशी त्या अंगठ्याचा संबंध नसे. पोरगा उभा आहे, एवढाच त्याचा अर्थ.

जानेवारीत एनबीएच्या एका टीमचा सेंटर गुडघ्याने गेला. अशा वेळी ते खालून एखाद्याला दहा दिवसांच्या करारावर बोलावतात. दुसऱ्याचा गुडघा गेला म्हणून गुरूचं नशीब उघडलं! त्याने फोन केला तेव्हा रत्ना पोहे करत होती. तिने ऐकलं, गॅस बंद केला आणि पहिलं वाक्य बोलली, "बसमधून जपून उतर."

नऊ दिवस तो बाकावर बसला. एक मिनिटही खेळवलं नाही. दहाव्या दिवशी, रविवारी दुपारी, सामना नेमका बॉस्टनला होता. आमच्या मंडळाच्या अध्यक्ष रेखाताई. त्यांनी त्या रविवारचं हळदीकुंकू कॅन्सल केलं आणि चौसष्ट तिकिटं काढली. आम्ही सगळे छताजवळच्या रांगांत बसलो होतो, साड्यांवर जाड जॅकेटं घातलेल्या बायका, 'गुरू' लिहिलेला एक मोठा कागद. खालचे खेळाडू बोटभर दिसत होते. पण गुरू बसलेला असतानाही ओळखू येत होता. बसण्याची त्याची अशी एक सवयीची पद्धत झाली होती.

सामना संपायला पावणेदोन मिनिटं राहिली. टीम बावीस पॉइंटांनी मागे. कोचने बाकाकडे बोट केलं. गुरू उठला, वरची पँट एका झटक्यात काढली. या पँटना बाजूने बटणं असतात, ओढली की निघते. मग तो एक क्षण तसाच वाकून थांबला. आम्हाला वाटलं, देवाचं नाव घेतोय. रेखाताईंनी हात जोडले. मग तो कोर्टवर गेला.

तो बास्केटखाली जाऊन उभा राहिला आणि धावलाच नाही. बाकीचे खेळाडू इकडून तिकडे धावत होते. हा सावकाश चालत दुसऱ्या टोकाला पोहोचायचा तोवर खेळ परत फिरलेला असायचा. त्याच्या नावावर एक फाउल लागला. मग कुणीतरी लांबून मारलेला बॉल रिंगवर आपटला आणि सरळ गुरूच्या हातात आला. चौसष्ट मराठी माणसं अशी ओरडली, की पुढच्या रांगेतला एक आयरिश म्हातारा वळून बघायला लागला, आपल्या टीमचं काही बिनसलं की काय म्हणून.

गाडीपर्यंत तो शैलेंद्रच्या खांद्यावर हात ठेवून आला. आम्हाला वाटलं, प्रेमाने. मागच्या सीटवर आडवा झाल्यावर रत्नाने त्याच्या पोटरीला हात लावला आणि तो किंचाळला.

"कधी झालं हे?" तिने विचारलं.

"उठताना. पँट काढताना. टक् असा आवाज झाला."

"म्हणजे आत जायच्या आधी?" शैलेंद्र पुढच्या सीटवरून पूर्ण वळला. "मग सांगितलं का नाहीस?"

"बाबा, सिक्स्टी-फोर लोक आले होते."

"लोकांचं काय घेऊन बसलास!"

मी आरशात बघितलं. गुरू छताकडे बघत होता. मग म्हणाला, "सांगितलं असतं तर दुसऱ्याला पाठवलं असतं. आणि मला परत कुणी बोलावलं नसतं. धिस वॉज इट, बाबा."

हायवे लागला. मग शैलेंद्रने अगदी हळू विचारलं, "तो रिबाउंड कसा मिळाला मग?"

"बॉल आला माझ्याकडे. मी पळू शकलो असतो तर मी तिथे नसतोच."

आधी रत्ना हसली. मग तिला रडू फुटलं, आणि रडतानाच ती पर्समध्ये क्रेप बँडेज शोधू लागली. ते तिच्या पर्समध्ये कायमच असायचं.

करार वाढला नाही. पोटरी भरून यायला दहा आठवडे लागले, आणि गुरू इडाहोला परत गेला. तिथे तोवर तो लाडका झाला होता, आणि हे खेळण्यामुळे नव्हे. सामन्याआधी तो लंगडत बाकाकडे निघाला की सगळं प्रेक्षागृह उभं राहून टाळ्या वाजवायचं. २००६मध्ये टीमने 'गुरू नाइट' ठेवली आणि पहिल्या पाचशे प्रेक्षकांना मान डोलवणारा गुरूचा बाहुला दिला. त्या संध्याकाळी गुरू पाठीच्या दुखण्याने हॉटेलात पडून होता. बाहुला मात्र अखंड उभा. शैलेंद्रने एक मागवून घेतला आणि टीव्हीवर ठेवला. रत्नाने तो उचलून कपाटात ठेवला.

२००७च्या डिसेंबरात गुडघ्यातली कूर्चा गेली. या वेळी कुणाचा बूट नव्हता, बर्फ नव्हता, पँट नव्हती. सरावात तो नुसता वळला. एप्रिलमध्ये त्याच जुन्या सर्जनने खुर्ची पुढे ओढली आणि सांगितलं की आता थांबला नाहीस तर पन्नाशीत जिना चढता येणार नाही. गुरू एकोणतीस वर्षांचा होता.

इडाहोच्या कोचने फोन करून असिस्टंट कोचची नोकरी देऊ केली. त्याचं म्हणणं बरोबर होतं: या लीगमधला प्रत्येक खेळाडू गुरूने जितका बघितलाय तितका कुणीच बघितला नसेल. गुरूने दोन दिवस विचार केला आणि नाही म्हटलं.

मी तेव्हा अंगणात गवत कापत होतो. तो कुंपणापाशी आला. मशीन बंद करून मी म्हटलं, "अरे, चांगली संधी होती."

"काका, मी सात वर्षं बघितलंय. आता नुसतं बघायचं नाही मला."

"वाईट वाटतंय का?"

"वाटतं." त्याने कुंपणावर कोपर टेकवलं. "पण खरं सांगू? काल सकाळी उठलो आणि कुठे दुखतंय ते तपासलं नाही. आधी कॉफी केली. मग लक्षात आलं, की तपासलंच नाही."

त्याने तो राहिलेला बायॉलॉजीचा कोर्स उन्हाळ्यात केला. रत्नाच्या डोळ्यांत एकदम चमक आली. तिने मेडिकल कॉलेजांची पत्रकंसुद्धा मागवली. गुरूला मात्र त्या कोर्सनंतर वुस्टरच्या एका हायस्कूलमध्ये सायन्स शिकवण्याची नोकरी मिळाली. मुख्याध्यापकांनी मुलाखतीत त्याला खालपासून वरपर्यंत बघून, बास्केटबॉलची टीम तूच घेशील ना, असं विचारलं. गुरूने बुद्धिबळाचा क्लब मागितला. पत्रकं रत्नाने आठवडाभर टेबलावर राहू दिली आणि मग रिसायकलिंगमध्ये टाकली. वर्षाअखेर ती सगळ्यांना सांगत होती की मुलगा हाडांविषयी शिकवतो.

ऑगस्टच्या शेवटी, शाळा सुरू व्हायच्या आधी, नव्या शिक्षकांना आरोग्याचा फॉर्म भरायचा होता. आधी झालेल्या शस्त्रक्रियांसाठी तीन ओळी होत्या. गुरूने शाळेच्या नर्सकडे जादा कागद मागितला आणि दोन्ही बाजूंनी भरून दिला. नर्स पन्नाशीची, नैना नावाची, गयानाकडची. तिने तो कागद शेवटपर्यंत वाचला, चष्मा काढला आणि आवाज खाली आणून विचारलं, "इराक?"

"नाही," गुरू म्हणाला. "बास्केटबॉल."

तिने त्याच्या हातावर हात ठेवला. तिचा भाऊ सैन्यात होता; ज्यांच्यावर असं काही गुदरलेलं असतं त्यांना बोलायचं नसतं, हे तिला ठाऊक होतं. तिने पुढे काही विचारलं नाही. फक्त ऑफिसात जाऊन तिने त्याची खोली बदलून घेतली: दुसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर, पार्किंगच्या दाराला लागून. गुरूने दोनदा खुलासा करायचा प्रयत्न केला. मग खोली बघितली. खिडक्या मोठ्या होत्या, दाराची चौकट उंच होती. त्याने किल्ली घेतली आणि थँक्यू म्हटलं.