एकाच गोठ्यातल्या माश्या

डासाला निदान थोडी लाज असते, चावायला येताना गुणगुणतो तरी. सँडफ्लाय मुकाट येते. डासाच्या निम्मीअर्धी, मातकट रंगाची, बसली की पंख वर उभे धरणारी. धड उडतही नाही, टुणटुण उड्या मारते. आमच्याकडे तिला वेगळं नाव नव्हतं, सगळी चिलटंच. पण बिहारात असली माशी काळा आजार पसरवते आणि माणसं मरतात. आपल्याकडे माशी आहे, आजार नाही. मग ही माशी कुठल्या रक्ताची, आपल्याच दोन जिल्ह्यांतल्या माश्या तरी एकमेकींत मिसळतात का, हे शोधायचं काम सांगलीच्या कॉलेजात आमच्या सरांनी हाती घेतलं होतं. बहात्तरचा दुष्काळ सरला होता आणि माझी एम.एस्सी. नुकतीच झाली होती. सरांनी विचारलं, मी हो म्हटलं. त्या काळात कुणी काहीही विचारलं तरी मी होच म्हणत होते.

त्याला कारण होतं. वडील सैन्यातून पेन्शनीवर आले आणि वर्षाच्या आत गेले. मला रडू आलं नाही. बायका म्हणाल्या, पोरीनं हाय खाल्लीय, रडवा तिला. एकीनं पाठीत धपाटाही घातला. मग त्यांनी नाद सोडला. मला खरंच काही वाटत नव्हतं. भूक लागायची, झोप यायची, एस.टी. चुकली तर पुढची पकडायची, एवढंच.

सातारा जिल्ह्यातल्या माश्या मी उंब्रजजवळच्या आत्याच्या गोठ्यातून आणायची. तिथं राहायची सोय होती आणि जनावरंही भरपूर. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. माझी सख्खी आक्का तिच्याच थोरल्या मुलाला दिलेली. मामाची पोर हक्काची, या न्यायानं. आधीच्या पिढ्यांतही सोयरीक या दोन घरांतच फिरलेली. त्यात कुणाला काही वावगं दिसत नव्हतं, उलट जमीन आणि माणसं दोन्ही घरातच राहतात म्हणून कौतुक.

आक्काला दोन मुलं, मोठी मुलगी आणि धाकटा मुलगा. दोघांनाही ऐकू येत नव्हतं, म्हणून बोलताही येत नव्हतं. आत्याचं म्हणणं, पहिल्या वेळी पोटुशी असताना आक्कानं गिराण, म्हणजे ग्रहण, पाळलं नाही. दुसऱ्या वेळी आक्काला अंधाऱ्या खोलीत बसवून कडक गिराण पाळायला लावलं, तरी तेच झालं. मग आत्या म्हणाली, "हिचं पोटच तसलं." नवस झाले, बकरी कापली गेली. आक्का ऐकून घ्यायची आणि भाकऱ्या थापायची.

पहाटे गोठ्यात ती माझ्यासाठी बॅटरी धरायची. भिंतीच्या भेगांत माश्या बसलेल्या असत. मी रबरी नळी तोंडात धरायची आणि तिच्या टोकाच्या काचेच्या नळीत माशी ओढून घ्यायची. मध्ये जाळीचं कापड असायचं, नाहीतर नाश्ताच झाला असता. आत्याचा धाकटा मुलगा साखर कारखान्यात नोकरीला होता. तो कामावर निघताना दारात थांबून म्हणायचा, "लोकं शिकून माशा मारत्यात, ही तर माशा वढतीया!" माणूस वाईट नव्हता. माझी ओझी तोच स्टँडवर आणून द्यायचा.

सांगलीला या माश्यांची आम्ही वेगळी पैदास वाढवली. प्लास्टरचा थर दिलेली भांडी, अळ्यांना सशाच्या वाळलेल्या लेंड्या. त्यांच्यात बाहेरची एकही माशी जाऊ द्यायची नाही, असा सरांचा हुकूम. काही पिढ्या बऱ्या गेल्या. मग अंडी कमी झाली, झालेली फुटेनात, फुटली तर अळ्या वळवळून थंड पडायच्या. आम्ही अन्न बदललं, बुरशी पुसली, खिडकीला ओलं गोणपाट लावलं. शेवटी सर म्हणाले, "सगळी एकमेकांची भावंडं झालीत. त्यांच्यात खोट दडलेली होती, ती आता दोन्हीकडून येऊन एकत्र पडतेय. बाहेरचे नर आणा." मी सांगली जिल्ह्यातल्याच, जतकडच्या एका मेंढरांच्या वाड्यावर गेले. तिथल्या म्हाताऱ्या धनगरानं माझा उद्योग बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "बाई, माशीचं लगीन लावतायसा व्हय?" मी म्हटलं, व्हय.

लग्न लागलं. अंडी फुटली, अळ्या धरल्या, भांडी भरली. दोन्ही जिल्ह्यांतली माशी एकाच जातीची निघाली. सरांनी आनंदानं सगळ्यांसाठी भडंग मागवलं. मी खाल्लं. तिखट होतं.

त्याच सुमाराला आत्या आमच्या घरी आली आणि आईला म्हणाली, "भाऊ गेला. त्याचं रगात माझ्याच घरात ऱ्हाऊ दे. धाकल्याला ही द्या." आईला ते बरं वाटलं. ओळखीचं घर, आक्काला बहिणीची सोबत. मला विचारलं, मी हो म्हटलं. दडलेल्या खोटीचा तो हिशेब मला तोंडपाठ होता. भांड्यातल्या माश्यांना तो लावता येत होता, तसा मलाही लावता येत होता. मी लावला. उत्तर आलं आणि त्याचं मला काहीच वाटलं नाही.

सुपारी फोडायची बैठक आत्याकडे ठरली. त्या दिवशी पहाटेही मी सवयीनं गोठ्यात होते. आक्का बॅटरी धरून म्हणाली, "तुझ्या त्या मरत हुत्या, त्यांचं काय झालं गं?"

"जगल्या. जतकडचे नर सोडले त्यांच्यात."

"म्हंजे आमच्या गोठ्यात खोट न्हवती?"

"गोठ्यात न्हाई. एकाच घरातली एकाच घरात दिली, की दडलेली खोट वर येती."

बॅटरीचा उजेड भिंतीवर तिथंच राहिला. "गिराणानं न्हवं?"

"न्हवं."

"माझ्या पोटानं?"

"तुझ्या एकटीच्या न्हवं."

ती म्हणाली, "आन् हे ठावं आसून तू हो म्हनलीस?"

मी म्हटलं, "मला काय होतंय." तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, बॅटरी माझ्या हातात दिली आणि चूल पेटवायला गेली.

बैठकीला भावकीतले पुरुष जमले. ताटात सुपारी, नारळ, कुंकू. आक्का चहा घेऊन आली, कपबशा खाली ठेवल्या आणि आत न जाता तिथंच उभी राहिली. "आत्याबाई, हिला ह्या घरात आणलं तर मी हिर जवळ करीन."

कुणाला आधी कळलंच नाही. आत्या म्हणाली, "काय बोलतीस?"

"हिच्या हाताखाली मी न्हाई ऱ्हायची. आईबापाची लाडकी हीच, शिकली हीच. आता माझ्या घरात यून माझ्या मुक्या पोरांवर हुकूम सोडंल. मला न्हाई खपायचं."

तिचा नवरा हात उगारून उठला, त्याला दोघांनी धरलं. आत्यानं तिला नागीण म्हटलं. आई पदर तोंडाला लावून म्हणाली, सख्ख्या बहिणीच्या वाईटावर उठली. मी समोरच्या चहावरची साय बघत होते. मी खरंच लाडकी होते का, याचा विचार करत होते. होते. पण विहिरीचं नाव निघाल्यावर पुरुष एकेक करून उठले. सुपारी ताटातच राहिली.

त्यानंतर आईनं आक्काला दिवाळीला बोलावणं बंद केलं. आत्याच्या घरात तिचे काय हाल झाले ते मला उडत उडत कळायचं. मी माश्या वाईकडच्या गोठ्यांतून आणायला लागले. धाकट्याचं लग्न फलटणकडच्या, नात्यागोत्यात नसलेल्या मुलीशी झालं. आम्हाला पत्रिका आली नाही.

मग एकदा, मुलांना मिरजेच्या डॉक्टरला दाखवून परत जाताना, आक्का सांगलीला माझ्या खोलीवर आली. खोली माडीवर, खाली लाकडी फळ्या. मुलं खिडकीशी जाऊन रस्ता बघत बसली. ती वाळली होती. मी पाणी दिलं आणि विचारलं, "तवा खरं का न्हाई सांगितलंस? मी सांगितलेलं तुला समजलं होतं."

"समजलं हुतं की. पर घराण्यात मुकेपन हाय आसं चारचौघांत बोलले असते, तर तुला पुढं कुनी केली असती का? त्यापरीस माझ्यात खोट दिसू दे. माझं काय, लगीन झालंय."

मग ती एकदम हसली. "धाकल्याला पोरगं झालंय. हाक मारली की वळतं गं! काम नसलं तरी मी त्याला हाका मारत बसती. आत्याबाई म्हंत्यात, हिला याड लागलंय."

तेव्हा मला रडू फुटलं. आवरेना. कित्येक वर्षांचं होतं, वडिलांचंही त्यातच होतं. आक्का घाबरली, मग माझं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, "रड. तुझं पोर बी हाकंला वळंल बघ."

एस.टी.ची वेळ होत आली. ती उठली, पिशवी घेतली आणि फळीवर जोरात पाय आपटला. हादरा लागून तिची दोन्ही मुलं वळली.